रुग्णाच्या उशाशी बसलेले माणूस

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, ताळेबंद व विभागवार रुग्णसंख्या यांच्या जोडीला आरोग्यविषयक एखादा माहितीपर लेख देण्याची प्रथा आहे. आजवर हे लेख आपल्या डॉक्टर मंडळींनी लिहिले. यंदा विश्वस्त मंडळाने ते काम माझ्याकडे सोपविले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. रोगनिदान किंवा औषधोपचार यांवर लिहिण्याचा मला अधिकार नाही. तथापि, प्रशासकाच्या खुर्चीतून जे रोज दिसते त्यात एक माणूस असे आहे, की ज्याची धड नोंद आमच्या कोणत्याच रजिस्टरमध्ये होत नाही. केसपेपरवर त्याच्यासाठी ‘सोबत आलेले नातेवाईक’ एवढा एक रकाना असतो. संमतिपत्रावर सही हवी असली किंवा बिलाची बाकी राहिली, की आम्हाला त्याची आठवण होते. एरवी तो माणूस म्हणजे पलंगाखाली ठेवलेली पिशवी, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल आणि भेटीची वेळ संपल्यावर वॉर्डबाहेर काढावयाची व्यक्ती.

दोन वर्षांपूर्वीची एक घटना येथे नमूद करणे आवश्यक वाटते. स्त्रियांच्या वॉर्डात पक्षाघात झालेल्या एक वृद्ध बाई दाखल होत्या. त्यांची सून सोबत होती. एकोणिसाव्या दिवशी सकाळी ही सून पाण्याच्या नळापाशी चक्कर येऊन पडली. तपासले तेव्हा तिचा रक्तदाब धोक्याच्या पातळीच्या बराच वर निघाला. विचारपूस करता कळले, की तिला स्वतःला रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या आणि त्या तिने चार महिन्यांपूर्वी बंद केल्या होत्या. घरी दोघींच्या गोळ्या आणण्याइतके पैसे दर महिन्याला हाती राहत नव्हते. आणि स्वतःला दाखवायला जायचे तर सासूबाईंजवळ बसायला कोणी नव्हते. या एकोणीस दिवसांत आमच्या परिचारिकांनी त्या पलंगापाशी उभे राहून दिवसातून तीनदा रक्तदाब मोजला होता. त्याच पलंगाला टेकून बसलेल्या सुनेच्या दंडाला तो पट्टा एकदाही बांधला गेला नाही. नियमाप्रमाणे ती आमची रुग्ण नव्हती.

हा दोष कोणा एकीचा नव्हता. तो व्यवस्थेचा होता आणि व्यवस्थेची जबाबदारी माझ्याकडे आहे. त्या दिवसापासून या विषयाकडे मी थोड्या निराळ्या नजरेने पाहू लागलो. जे वाचले, पाहिले आणि ऐकले त्यातले काही पुढे मांडतो.

नाव नसलेले काम

आजाऱ्याची घरी राहून सेवा करणाऱ्या माणसाला मराठीत नेमके काय म्हणावे, असा प्रश्न लेख लिहायला बसलो तेव्हाच पडला. ‘काळजीवाहू’ हा शब्द आपल्याकडे आहे, परंतु तो आपण राजीनामा दिलेल्या सरकारला लावतो. ‘शुश्रूषक’ हा शब्द पुस्तकात शोभतो, वॉर्डात कोणी उच्चारत नाही. वॉर्डात विचारले जाते ते, “सोबतीला कोण आहे?” म्हणून या लेखात मी ‘सोबती’ हाच शब्द वापरणार आहे.

सोबत्याचे काम आणि परिचारिकेचे काम यांत मूलभूत फरक आहे. परिचारिकेची पाळी संपते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला शय्याव्रण होऊ नयेत म्हणून साधारणपणे दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी असे सांगितले जाते. म्हणजे चोवीस तासांत बारा वेळा. रुग्णालयात ही बारा वळणे तीन पाळ्यांत विभागली जातात; घरी ती बहुधा एकाच माणसाच्या वाट्याला येतात आणि त्यातली तीन-चार रात्रीची असतात. त्याखेरीज नळीने भरविणे, अंग पुसणे, लघवीची पिशवी रिकामी करणे, कपडे धुणे, औषधांच्या वेळा सांभाळणे. हे सर्व घरची धुणीभांडी, जनावरे आणि शेतावरची भाकरी यांच्यासह. डिस्चार्ज कार्डावर आम्ही ‘घरी नियमित शुश्रूषा करावी’ असे एक वाक्य लिहितो. त्या एका वाक्याचा अर्थ एका माणसाचे संपूर्ण आयुष्य असा होतो, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

पाण्याकाठची गावे

आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी मोठा भाग उजनी धरणाच्या काठच्या गावांतून येतो, म्हणून या परिसराची विशेष परिस्थिती पाहिली पाहिजे. भीमा नदीवर माढा तालुक्यातील उजनी येथे बांधलेले हे धरण १९८० साली पूर्ण झाले. यशवंतसागर जलाशयाची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. या पाण्याने ऊस आणला, कंदरच्या केळीचे नाव दूरवर नेले, भिगवणला मासळीचा बाजार उभा केला. त्याविषयी कृतज्ञताच आहे. मात्र याच पाण्याखाली करमाळा, इंदापूर, माढा, दौंड, कर्जत या तालुक्यांतील अनेक गावांच्या जमिनी व जुनी गावठाणे गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की पळसदेवचे जुने मंदिर वर येते आणि वृत्तपत्रांत त्याची छायाचित्रे छापून येतात. भावकीचे मात्र तसे नाही. ती एकदा पांगली ती परत एकत्र दिसत नाही. कोणाला पुनर्वसनात एकीकडे जमीन मिळाली, कोणाला दुसरीकडे. कोणी काठावरच उंचावर घर बांधून राहिले. जुन्या गावठाणात भिंतीला भिंत लागून घरे होती. आजारपणात हाक मारली की चुलती, जाऊ, पुतण्या धावत येत. आता प्रत्येकाचे घर आपापल्या उसात. हाक ऐकू जाईल अशा अंतरावर बहुधा कोणी नसते. पुढे पोरे पुण्याला, चाकणला, पिंपरीला गेली आणि घरी उरली ती म्हातारी माणसे आणि त्यांना सांभाळणारी एखादी सून अथवा न शिकलेला एखादा मुलगा.

दुसरी गोष्ट अंतराची. पाण्यापलीकडचे गाव डोळ्यांना दिसते, पण रस्त्याने जायचे तर सारा जलाशय वळसा घालून जावे लागते. त्यामुळे करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्यात लोक वर्षानुवर्षे होडीने ये-जा करीत. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी वादळी वाऱ्यात ही होडी उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. ती बातमी आली त्या रात्री, आपल्याकडे उपचार घेणाऱ्या कोणत्या घरची माणसे अशाच होडीतून येत असतील, हा विचार मनातून जाईना. ‘नेमून दिलेल्या तारखेला रुग्णाला घेऊन येणे’ असे आम्ही जे सहज लिहितो, त्यात येथे पाणीही येते.

डायलिसिसचे उदाहरण घ्यावे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णास सामान्यतः आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा डायलिसिस करावे लागते आणि एका वेळेस सुमारे चार तास लागतात. तीनदा म्हटले तर वर्षाला १५६ खेपा होतात. जेऊरकडच्या एखाद्या वस्तीवरून पहाटे निघालेला माणूस घरी परतेपर्यंत दिवस मावळतो. म्हणजे वर्षातील १५६ दिवस रुग्णाचे गेले आणि तेवढेच सोबत्याचेही गेले. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे व महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेमुळे अनेकांचा डायलिसिसचा खर्च भागतो, हे फार मोठे काम झाले आहे. परंतु सोबत्याची बुडालेली रोजंदारी कोणत्याही योजनेच्या तक्त्यात बसत नाही. कर्करोगाचेही तसेच. या भागातील अनेक कुटुंबे बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात जातात. किरणोपचार आठवडेच्या आठवडे चालतात आणि तेवढा काळ घरातले एक माणूस घराबाहेर राहते. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातील कर्करुग्णांची शास्त्रशुद्ध नोंदणी होत आहे व देशात तिचा लौकिक आहे. रुग्णांची अशी गणना झाली; सोबत्यांची व्हायची आहे.

सून कोठेच नाही

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. घरातील माणसांची विनामोबदला देखभाल (यात लहान मुलांचे संगोपनही आले) करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत २७.६ टक्के व पुरुषांत १४ टक्के आढळले. अशी देखभाल करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी १३४ मिनिटे त्यात घालवतात, तर पुरुष ७६ मिनिटे. आकडे देशाचे आहेत, परंतु आमच्या वॉर्डात सायंकाळी एक फेरी मारली तरी चित्र हेच दिसते. पुरुष सोबती नाहीत असे नव्हे. पत्नीला कर्करोग झाल्यावर स्वयंपाक शिकलेले, तिची वेणी घालून देणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. एकुलता मुलगा पुण्यातील नोकरी सोडून वडिलांसाठी गावी येऊन राहिला व त्यापायी त्याचे लग्न लांबले, असेही घर आमच्या परिचयाचे आहे. तथापि, बहुसंख्येने सोबती म्हणजे सून, पत्नी किंवा लेक. आणि त्यातही सून.

येथे हिशेबनिसाच्या नजरेला एक विलक्षण गोष्ट दिसते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. त्यान्वये वृद्ध आई-वडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो व न्यायाधिकरण दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत रक्कम ठरवू शकते. या कायद्यात ‘मुले’ या संज्ञेत मुलगा, मुलगी, नातू व नात येतात. सून येत नाही. कायद्याने तिच्यावर जबाबदारी टाकली नाही, हे एका परीने तिच्या हिताचेच. परंतु प्रत्यक्षात जबाबदारी तिच्यावरच आहे आणि त्या जबाबदारीबद्दलचा कोणताही हक्क तिच्याकडे नाही. प्राप्तिकरात जुन्या करप्रणालीखाली अपंग अवलंबितांच्या देखभालीसाठी वजावट मिळते; त्यात पती-पत्नी, मुले, आई-वडील, भाऊ-बहीण यांचा समावेश आहे. सासू-सासरे त्यात नाहीत. (शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने आपल्या बहुतेक कुटुंबांना या वजावटीचा तसाही उपयोग नाही.) सातबाऱ्यावर नाव मुलाचे, बँकेचे खाते सासऱ्यांचे, केसपेपरवर नातेवाईक म्हणून सही दिराची. सून कोठेच नाही. ती फक्त उशाशी आहे.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने मात्र प्रथमच काळजी घेणाऱ्या व्यक्तीची स्पष्ट व्याख्या केली. मोबदला घेऊन वा न घेता दिव्यांगाची काळजी घेणारे घरचे माणूस तीत येते. ज्यांना सतत आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांना काळजीवाहकासाठी भत्ता देण्याची तरतूदही या कायद्यात आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही अशी व्याख्या दिली. व्याख्या झाली म्हणजे निदान नाव तरी मिळाले. कागदावर नाव येणे किती महत्त्वाचे असते, हे हिशेबाच्या क्षेत्रातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

भेटीला येणारे

आजाऱ्याला ‘बघायला’ जाणे ही आपल्याकडची चांगली चाल आहे आणि ती टिकावी. तथापि, तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शहरातून डिस्चार्ज घेऊन रुग्ण घरी आला, की पहिले पंधरा दिवस घरी रीघ लागते. आलेल्या प्रत्येकाला चहा. लांबचा पाहुणा असेल तर जेवण. रात्री चार वेळा उठलेल्या बाईला दिवसभर चुलीपुढे उभे राहावे लागते आणि प्रत्येक चहासोबत आजाराची कथा पहिल्यापासून सांगावी लागते. मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणते अमक्या वैद्याकडे न्या, कोणी म्हणते तमक्या देवाला कौल लावा, कोणी म्हणते पुण्याला नेले असते तर बरे झाले असते. हे शेवटचे वाक्य सर्वांत जास्त दुखवते. ‘आपणच कमी पडलो’ ही बोच सोबत्याच्या मनात आधीपासून असते. त्यावर कोणीतरी बाहेरून शिक्कामोर्तब करते.

पंधरा दिवसांनी रीघ थांबते. त्यानंतरची वर्षे कोणी येत नाही. आजार लांबला की त्याचे नवल संपते. सोबत्याला लग्नकार्याला जाता येत नाही, हळदीकुंकवाला जाता येत नाही, गावच्या यात्रेला जाता येत नाही. दोन-चार वेळा नाही म्हटले की बोलावणेच येईनासे होते. काही आजारांत तर लोक होऊनच अंतर ठेवतात. एका गृहस्थांनी मला सांगितले, “साहेब, आमच्या घरावरून रस्ता जातो, पण माणूस जात नाही.” त्यांच्या मुलाला मानसिक आजार होता.

लांब राहणाऱ्या मुलांविषयीही लिहिले पाहिजे, कारण हा अहवाल त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती जातो. मुलगा दोन दिवसांची रजा काढून येतो, आईचे अंग वाळलेले पाहून हबकतो आणि त्या भरात, जो रोज करतो आहे त्यालाच जाब विचारतो. त्याचे प्रेम खोटे नसते. पण त्या दोन दिवसांत एक रात्र जरी त्याने स्वतः उशाशी काढली, तर त्याचे प्रश्न बदलतात. भावाभावांत आई-वडिलांच्या महिन्याच्या पाळ्या लावलेली घरेही या भागात आहेत. पाळी बदलताना औषधांची पिशवी नव्या घरी पोहोचते; कोणती गोळी का बंद केली ही माहिती पोहोचत नाही. आमच्याकडे पुन्हा दाखल होणाऱ्या वृद्धांत असे रुग्ण असतात.

न बोललेल्या गोष्टी

सोबत्यांच्या तोंडून ज्या गोष्टी सहसा निघत नाहीत, त्यांत सर्वांत अवघड म्हणजे ‘आता हे संपावे’ हा विचार. तो जवळजवळ प्रत्येकाच्या मनात केव्हातरी येऊन जातो, असे आपले डॉक्टर सांगतात. तो आला की माणूस स्वतःला पापी समजू लागतो आणि प्रायश्चित्त म्हणून अधिक राबू लागतो. चिडचिडही होते. तीच गोष्ट पंधरा वेळा विचारणाऱ्या वडिलांवर ओरडल्यानंतर मोरीत जाऊन रडणारी लेक वाईट नसते; ती दमलेली असते. हे तिला कोणीतरी सांगावे लागते.

दुसरे दुःख असे, की माणूस समोर असते आणि नसतेही. स्मृतिभ्रंशात किंवा तीव्र मानसिक आजारात देह तोच राहतो, पण ओळखीचे माणूस हरवते. अमेरिकन अभ्यासक पॉलिन बॉस यांनी १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात अशा धूसर हानीचे विवेचन केले आहे. मृत्यूनंतर दहावे-तेरावे होते, चारचौघे सांत्वनाला येतात. या हानीला विधीही नाही आणि सांत्वनही नाही.

या बाबतीत आपल्या मराठी माणसांतले एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. मूळचे खानदेशातील डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया हा आजार होता. घरातील हे दुःख झाकून न ठेवता त्यांनी त्यातून संस्थात्मक काम उभे केले. पुण्यात १९९७ साली स्थापन झालेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था त्यांच्याच पुढाकाराची. या संस्थेत रुग्णांबरोबर त्यांच्या घरच्यांचेही आधारगट चालविण्यात आले. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटामागेही वाणी यांचीच प्रेरणा होती. आजारी भावाला स्वतःच्या संसारात आणणाऱ्या बहिणीची ओढाताण त्यात आहे. ज्यांच्या घरी असा आजार आहे त्यांनी तो अवश्य पाहावा. आणि ज्यांच्या घरी नाही त्यांनी त्याहून अवश्य पाहावा.

ताण मनापुरता राहत नाही. अमेरिकेतील रिचर्ड शुल्झ व स्कॉट बीच यांनी ६६ ते ९६ वर्षे वयाच्या पती-पत्नींचा चार वर्षे पाठपुरावा करून १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजारी जोडीदाराची काळजी घेणाऱ्या व त्याचा ताण जाणवणाऱ्यांत मृत्यूचा धोका अशी काळजी न घेणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. काळजी घेणारे, पण ताण न जाणवणारे यांच्यात असा ठळक फरक दिसला नाही. हा दुसरा निष्कर्ष मला पहिल्याहून मोलाचा वाटतो. सेवा माणसाला मारीत नाही. एकट्याने, विसाव्याशिवाय केलेली सेवा मारते. हा ताण मोजण्यासाठी स्टीव्हन झॅरिट यांची प्रश्नावली जगभर वापरतात. तीत २२ प्रश्न असून प्रत्येकाला शून्य ते चार असे गुण असतात. आमच्या बाह्यरुग्ण विभागात २२ प्रश्न विचारण्याइतकी उसंत नाही, हे मी प्रांजळपणे मान्य करतो. पण एक प्रश्न विचारता येतो: “तुम्ही स्वतः शेवटचे सलग कधी झोपलात?” उत्तरासाठी अनेकांना थांबून आठवावे लागते.

काय करता येते

केरळात १९९३ साली कोझिकोड येथे वेदनाशामक व परिहार उपचारांची संस्था सुरू झाली. पुढे गावोगावचे स्वयंसेवक तीत आले आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी आठवड्याला फेरी मारू लागले. या चळवळीच्या बळावर २००८ मध्ये त्या राज्याने परिहार उपचारांचे धोरण जाहीर केले. स्वयंसेवक काही मोठे वैद्यकीय काम करीत नाहीत. ते बसतात, रुग्णाशी बोलतात आणि तेवढ्या वेळात घरचे माणूस बाजाराला जाऊन येते. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सुरू असलेल्या सिप्ला परिहार केंद्रात रुग्णासोबत घरचे माणूस राहते व घरी गेल्यावर काय करायचे ते शिकून जाते. दोन्ही ठिकाणची युक्ती साधी आहे आणि आपल्याकडेही करता येण्यासारखी आहे.

आपल्या रुग्णालयात गेल्या दोन वर्षांत काही लहान बदल झाले. पक्षाघाताच्या रुग्णास घरी सोडण्यापूर्वी सोबत्याला कूस बदलणे, नळीने भरविणे, पिशवी बदलणे हे परिचारिका हाताने करवून घेऊन शिकवितात. नुसते सांगून सोडत नाहीत. एकाच रुग्णाला दोन विभागांत दाखवायचे असेल तर शक्यतो एकच दिवस दिला जातो. सोबत्याचा रक्तदाब व साखर दाखल होण्याच्या दिवशीच तपासली जाते. त्याचे शुल्क घेतले जात नाही. सोबत्याच्या पासवर पूर्वी ‘एकच व्यक्ती’ असा शिक्का होता. आता पाळीने दोघांना येता येते, आणि पासवर नाव जो प्रत्यक्ष थांबतो त्याचे लिहिले जाते. ही शेवटची सुधारणा करण्यास एक रुपयाही लागला नाही. ती आधी का सुचली नाही याचे उत्तर माझ्याकडे नाही.

काही गोष्टींना मात्र पैसा लागतो. उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये आपल्या एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात. त्यातून निर्धन रुग्णांची बिले भागतात. सोबत्याचे जेवण, मुक्काम, एसटीचे भाडे यांवर तो निधी खर्चता येत नाही. हवेच्या गाद्या, चाकाच्या खुर्च्या, कमोडच्या खुर्च्या घरी वापरायला देण्यासाठी आणि सोबत्यांच्या मुक्कामाच्या दोन खोल्यांसाठी स्वतंत्र निधी असावा, असा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. देणगीदारांची पाटी एखाद्या यंत्रावर लागते तशी गादीवर लागत नाही, याची मला जाणीव आहे.

कुटुंबांसाठी दोन शब्द. सेवेची वाटणी बोलून करा. जो लांब आहे त्याने पैसा द्यावा आणि वर्षातून काही दिवस ठरवून द्यावेत, म्हणजे रोजच्या माणसाला माहेरी किंवा दवाखान्यात जाता येईल. औषधांची एक वही ठेवा. पाळी बदलली की पिशवीबरोबर वहीही द्यावी. भेटीला जाणाऱ्यांनी चहा घेऊ नये. जाताना भाकरी-भाजी न्यावी आणि तासभर रुग्णाजवळ बसून घरच्या माणसाला झोपू द्यावे. मन फारच खचले तर शासनाच्या ‘टेली मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो निःशुल्क असून मराठीतही बोलता येते.

आरंभी जिचा उल्लेख केला ती सून गेल्या पावसाळ्यात पुन्हा आली होती. सासूबाई घरीच शांतपणे गेल्या होत्या. अखेरपर्यंत त्यांच्या पाठीला जखम झाली नाही, हे तिने दोनदा सांगितले. आपण वापरायला दिलेली हवेची गादी धुऊन, वाळवून, घडी घालून तिने परत आणली होती. तिचा रक्तदाब मोजला. गोळ्या चालू होत्या. जाताना ती म्हणाली, “रात्री दोनला जाग येतीच अजून. उठून बसते, मग कळतं की आता कुणाची कूस बदलायची न्हाई.” मी तिला बसायला सांगितले आणि चहा मागविला. गादीच्या रजिस्टरमध्ये परतीची नोंद करताना प्रथमच माझ्या ध्यानात आले, की ‘घेणाऱ्याचे नाव’ या रकान्यात आम्ही सासूबाईंचे नाव लिहिले होते. ते खोडून तिचे लिहिले. ती गादी सध्या चिखलठाणकडच्या एका घरी आहे.